अमेरिकेचा अध्यक्ष नेमके कोण निवडते, आणि ती पद्धत आपण घ्यावी का?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. 2016 साली हिलरी क्लिंटन यांना डोनाल्ड ट्रम्प यांच्यापेक्षा सुमारे 28 लाख 70 हजार मते अधिक मिळाली, तरी अध्यक्ष ट्रम्प झाले. अशा पद्धतीला लोकशाही कसे म्हणावे, आणि आमदार-खासदारांच्या पळवापळवीला कंटाळलेल्या आपल्या देशाने निदान अध्यक्षीय पद्धतीचा तरी विचार का करू नये? प्रश्नाचे हे दोन भाग वेगळे दिसत असले तरी त्यांचे मूळ एकच आहे, म्हणून उत्तरही एकत्रच देतो.

मी सातारा जिल्ह्यात माध्यमिक शिक्षक होतो आणि 1996, 1998 व 1999 या तिन्ही लोकसभा निवडणुकांत मी केंद्राध्यक्ष म्हणून काम केले. पुढे मुलीकडे पेनसिल्व्हेनियात स्थायिक झाल्यावर, नागरिकत्व मिळाल्यानंतर, इथल्या मतदान केंद्रावर आधी कारकून म्हणून आणि 2017 पासून ‘जज ऑफ इलेक्शन्स’ म्हणून काम करत आहे. या पदाच्या नावात न्यायाधीश असला तरी काम आपल्या केंद्राध्यक्षाचेच असते. दोन्ही देशांत मतदाराच्या समोरच्या टेबलावर बसल्यामुळे काही गोष्टी जवळून दिसल्या, त्यांच्या आधारे हे लिहीत आहे.

पहिली गोष्ट अशी की अमेरिकेत अध्यक्षपदाची एक निवडणूक होतच नाही. पन्नास राज्ये आणि राजधानीचा जिल्हा अशा 51 स्वतंत्र निवडणुका एकाच दिवशी होतात. प्रत्येक राज्याने आपले निर्वाचक, म्हणजे अध्यक्षासाठी अंतिम मत देणारे प्रतिनिधी, कोणत्या रीतीने नेमायचे ते त्या राज्याच्या विधिमंडळाने ठरवावे, असे राज्यघटनेचे दुसरे कलम सांगते. प्रतिनिधीगृहात राज्याचे जितके सदस्य, त्यात सिनेटचे दोन मिळवून जो आकडा येतो, तितके निर्वाचक त्या राज्याला मिळतात. प्रतिनिधीगृहाचे 435, सिनेटचे 100 आणि 1961 च्या तेविसाव्या घटनादुरुस्तीने राजधानीला मिळालेले 3, असे एकूण 538 निर्वाचक होतात आणि त्यांपैकी 270 ज्याला मिळतील तो अध्यक्ष होतो. देशभराच्या मतांची बेरीज वर्तमानपत्रे करतात, परंतु त्या बेरजेला कायद्यात कोठेही स्थान नाही.

हे पुस्तकात वाचणे वेगळे आणि केंद्रावर अनुभवणे वेगळे. साताऱ्यात असताना आदल्या दिवशी तालुक्याच्या गावी साहित्य ताब्यात घ्यायचे, मतपेट्या आणि गोणपाटाच्या पिशव्या घेऊन एसटीने जावळी खोऱ्यातील एखाद्या गावी पोहोचायचे आणि शाळेतच मुक्काम करायचा, असा क्रम असे. त्या गावात आम्हाला कोणी ओळखत नसे आणि आम्ही कोणाला ओळखत नसू, कारण तशीच योजना असे. आमच्यामागे निवडणूक आयोग नावाची एक घटनात्मक संस्था उभी होती आणि गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत सर्वांच्या हाती नियमांची पुस्तिका एकच होती.

पेनसिल्व्हेनियात याच्या अगदी उलट आहे. येथे मला आयोगाने नेमलेले नाही, तर माझ्याच वस्तीतील शेजाऱ्यांनी चार वर्षांसाठी मते देऊन निवडले आहे. माझ्याबरोबर दोन निरीक्षक असतात. त्यांच्या निवडणुकीत प्रत्येक मतदार एकालाच मत देतो. पहिला येतो तो बहुमताचा निरीक्षक आणि दुसरा येतो तो अल्पमताचा, त्यामुळे दोन्ही पक्षांची माणसे टेबलावर आपोआप येतात. सकाळी सात ते रात्री आठ मतदान चालते. मतदार यादीत सही करून हातभर लांबीची मतपत्रिका घेतो, आणि त्या एका कागदावर अध्यक्ष, सिनेटर, प्रतिनिधीगृहाचा सदस्य, राज्याचा महाधिवक्ता, लेखापरीक्षक, खजिनदार आणि राज्य विधिमंडळाचे उमेदवार असे सगळे असतात. काळ्या शाईने गोल भरून तो कागद यंत्रात सरकवला की मत नोंदले जाते. रात्री यंत्रातून हिशेबाची लांबलचक पट्टी निघते, आम्ही सर्व जण तिच्यावर सह्या करतो आणि तिची एक प्रत केंद्राच्या दारावर चिकटवतो. थंडीत कुडकुडत उभे असलेले दोन-चार शेजारी मोबाइलच्या उजेडात आकडे वाचून घेतात. माझ्या लेखी अमेरिकी लोकशाहीतील सर्वांत विश्वासार्ह कागद तो आहे, आणि दिवसभर एकमेकांशी राजकारणावर एक शब्दही न बोलता शेजारी बसलेले ते दोन निरीक्षक त्या विश्वासाचे खरे कारण आहेत.

परंतु देशात तीन हजारांहून अधिक काउंट्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग, आहेत आणि त्यांचे नियम राज्यागणिक बदलतात. केंद्र सरकारच्या ज्या संस्थेच्या नावात ‘निवडणूक आयोग’ आहे ती केवळ प्रचाराच्या पैशांवर लक्ष ठेवते. मतदान घेणे किंवा मोजणे तिच्या कक्षेत येत नाही. आमच्या राज्यात टपालाने आलेली मते मतदानाच्या दिवशी सकाळी सातच्या आधी उघडता येत नाहीत, तर फ्लोरिडात ती तपासण्याचे काम बरेच आधी सुरू होते. 2020 साली मंगळवारी मतदान झाले आणि पेनसिल्व्हेनियाचा कल स्पष्ट होण्यास शनिवार उजाडला, तो याच एका तरतुदीमुळे. त्या चार दिवसांत ‘मते कोठून येत आहेत’ असा जो संशय पसरला, त्याची झळ आमच्यासारख्या टेबलावरच्या माणसांना बसली. विधिमंडळाने एका ओळीची दुरुस्ती केली असती तरी ते टळले असते, आणि ती दुरुस्ती 2024 ची निवडणूक येऊन गेली तरी झाली नाही, याचे मला फार वाईट वाटते.

आता मुख्य अन्यायाकडे येतो. सर्वसाधारण समज असा आहे की लहान राज्यांना मिळणाऱ्या जादा निर्वाचकांमुळे निकाल उलटतो. वायोमिंगची लोकसंख्या पावणेसहा लाखांच्या आसपास आणि निर्वाचक 3, तर कॅलिफोर्नियाची लोकसंख्या चार कोटींच्या जवळ आणि निर्वाचक 54. म्हणजे वायोमिंगमध्ये सुमारे एक लाख नव्वद हजार माणसांमागे एक निर्वाचक आणि कॅलिफोर्नियात सव्वासात लाखांहून अधिक माणसांमागे एक. ही विषमता खरी आहे, पण 2016 चा निकाल तिने उलटवला नाही. हा हिशेब कोणालाही कागदावर करून पाहता येईल. त्या वर्षी मतदानानुसार ट्रम्प यांच्या वाट्याला 30 राज्ये आणि 306 निर्वाचक, तर क्लिंटन यांच्या वाट्याला 20 राज्ये, राजधानी आणि 232 निर्वाचक आले होते. प्रत्येक ठिकाणचे सिनेटमुळे मिळणारे दोन निर्वाचक वजा केले तर ट्रम्प यांच्याकडे 246 आणि क्लिंटन यांच्याकडे 190 उरतात, म्हणजे ट्रम्पच जिंकतात. उलट 2000 साली बुश आणि गोर यांच्या बाबतीत हीच वजाबाकी केली तर बुश 211 वर येतात आणि गोर 225 वर, म्हणजे तेव्हा मात्र लहान राज्यांच्या वाढीव वजनानेच निकाल फिरला.

मग 2016 मध्ये काय झाले? तेव्हा काम केले ते ‘जो जिंकेल त्याला राज्यातील सगळे निर्वाचक’ या नियमाने. मिशिगनमध्ये 10,704, विस्कॉन्सिनमध्ये 22,748 आणि पेनसिल्व्हेनियात 44,292 असे ट्रम्प यांचे मताधिक्य होते. या तिन्हींची बेरीज पाऊण लाखाच्या थोडी वर जाते, आणि तेवढ्यावर 46 निर्वाचक अखंड त्यांच्याकडे गेले. दुसऱ्या बाजूला कॅलिफोर्नियात क्लिंटन यांना मिळालेले लाखोंचे जादा मताधिक्य कोणत्याच हिशेबात धरले गेले नाही. हे एकाच पक्षाच्या विरोधात जाते असेही नाही. 2020 साली बायडन यांना देशभरात सुमारे 70 लाख मते अधिक होती, तरी ॲरिझोना, जॉर्जिया आणि विस्कॉन्सिन या तीन राज्यांत मिळून 43 हजारांच्या आसपास मतांचेच अंतर होते. ती राज्ये पलीकडे गेली असती तर दोघांकडे 269 निर्वाचक राहिले असते आणि निर्णय प्रतिनिधीगृहाकडे गेला असता. तेथेही या कामापुरते प्रत्येक राज्याला एकच मत असते.

हा नियम राज्यघटनेत नाही, तो राज्यांच्या कायद्यांत आहे. 1800 साली व्हर्जिनियाने अध्यक्षपदाचे उमेदवार जेफरसन यांच्या सोयीसाठी जिल्हावार पद्धत सोडून सगळे निर्वाचक एकाच बाजूला देण्याची पद्धत घेतली, ते पाहून इतरांनीही घेतली, आणि 1836 पर्यंत साउथ कॅरोलायना वगळता सर्व राज्यांत तीच चालू झाली. आज फक्त मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्ये आपले काही निर्वाचक जिल्हावार देतात. ज्या राज्यात एका पक्षाची सत्ता आहे त्या राज्याने एकट्याने हा नियम सोडला तर आपले काही निर्वाचक विरोधकांच्या पदरात टाकल्यासारखे होते, त्यामुळे आधी तुम्ही सोडा मग आम्ही सोडू, असे म्हणत सगळे जागच्या जागी बसले आहेत.

याचा परिणाम प्रत्यक्ष पाहायचा असेल तर डेलावेअर नदीच्या दोन काठांवरील मराठी घरांत पाहावा. नदीच्या पलीकडे न्यू जर्सीतील एडिसनमध्ये माझे मेहुणे राहतात. 1992 पासून ते राज्य प्रत्येक वेळी डेमोक्रॅटिक पक्षाकडे गेले आहे, त्यामुळे अध्यक्षपदाच्या प्रचाराचा एक माणूसही त्यांच्या दारात येत नाही. अलीकडे आमच्या घरी सप्टेंबरपासून दररोज टपालपेटी पत्रकांनी भरते, फोन वाजत राहतो, आणि 2024 मध्ये तर एका शनिवारी दोन्ही पक्षांचे कार्यकर्ते तासाभराच्या अंतराने दारात उभे होते. देश एक, नागरिकत्व एक, नातेसंबंधही एकाच घरातील; परंतु ज्यांना येथे ‘स्विंग स्टेट्स’ म्हणतात त्या सात राज्यांत माझे घर आहे आणि त्यांचे नाही, एवढ्याने आमच्या मतांचा भाव बदलतो. मेहुण्यांनी मला एकदा विचारले की आम्ही मत देतो ते कशासाठी. तीस वर्षे नागरिकशास्त्र शिकवूनही मला त्यांना पटेल असे उत्तर देता आले नाही.

ही पद्धत कोणी मूर्खपणाने आणली असे मात्र समजू नये. राज्यघटना तयार करणाऱ्या 1787 च्या फिलाडेल्फिया अधिवेशनात जेम्स विल्सन यांनी थेट जनतेकडून निवडणुकीचा आग्रह धरला होता. जेम्स मॅडिसन यांनाही ते तत्त्वतः योग्य वाटत होते, परंतु त्यात दक्षिणेची अडचण असल्याचे त्यांनी उघड सांगितले: तेथील लोकसंख्येचा मोठा भाग गुलामांचा होता आणि गुलामांना मत नव्हते. प्रतिनिधीगृहाच्या जागा ठरवताना मात्र पाच गुलामांची गणती तीन माणसांइतकी होत असे. निर्वाचकांची संख्या त्या जागांशी जोडल्यामुळे मत न देणाऱ्या गुलामांचे वजन त्यांच्या मालकांच्या राज्यांना मिळाले. गुलामगिरी 1865 मध्ये संपली, पण तिच्या भोवती बांधलेला हा ढाचा राहिला.

तो बदलण्याचा सर्वांत गंभीर प्रयत्न 1969 मध्ये झाला. थेट निवडणुकीची घटनादुरुस्ती प्रतिनिधीगृहाने 338 विरुद्ध 70 अशा मतांनी मंजूर केली, आणि पुढच्या वर्षी सिनेटमध्ये लांबलचक चर्चेच्या डावपेचांत ती अडकून मेली. सध्या दुसरा मार्ग चालू आहे. देशभर ज्याला सर्वाधिक मते मिळतील त्यालाच आम्ही आमचे निर्वाचक देऊ, असा करार राज्ये आपापसांत करत आहेत. 2024 पर्यंत 17 राज्ये आणि राजधानी त्यात आली असून त्यांच्याकडे मिळून 209 निर्वाचक होते. 270 भरल्याशिवाय तो करार लागू होत नाही.

मी स्वतः थेट निवडणुकीच्या बाजूचा आहे, पण केंद्रावर काम केलेला माणूस म्हणून एक इशारा देणे माझे कर्तव्य समजतो. 2000 साली फ्लोरिडातील 537 मतांच्या फरकाने देशाला 36 दिवस टांगणीला लावले, आणि वाद एका राज्यापुरता होता. एकसारखी मतदार यादी आणि एकसारखे मोजणीचे नियम नसताना देशभराच्या बेरजेवर अध्यक्ष ठरवला आणि अंतर थोडे राहिले, तर तीन हजार काउंट्यांत एकाच वेळी फेरमोजणी मागितली जाईल. म्हणून आधी नियम एक करा आणि मग बेरीज एक करा, हा क्रम उलटू नये असे मला वाटते. याच जोडीला हेही लक्षात ठेवावे की 2016 च्या बेरजेवरून क्लिंटन थेट निवडणूक जिंकल्या असत्या असे सिद्ध होत नाही, कारण तेव्हा दोन्ही उमेदवारांनी प्रचार वेगळ्या ठिकाणी आणि वेगळ्या रीतीने केला असता.

आता प्रश्नाचा दुसरा भाग. अध्यक्षीय पद्धत म्हणजे काय हे महाराष्ट्रातील खेड्यातल्या माणसाला अमेरिकेत न जाता ठाऊक आहे, कारण त्याने थेट सरपंच पाहिला आहे. 2017 मध्ये राज्याने सरपंच थेट जनतेतून निवडण्याची तरतूद केली, 2020 मध्ये ती रद्द झाली आणि 2022 मध्ये पुन्हा आली. सरपंच एका पॅनेलचा आणि सदस्यांचे बहुमत दुसऱ्या पॅनेलचे, असे झालेल्या गावात मासिक सभा कशा चालतात, ते कोणाही ग्रामसेवकाला विचारावे. सरपंच म्हणतो की मला गावाने निवडले, सदस्य म्हणतात की आम्हालाही गावानेच निवडले, आणि दोघांचेही म्हणणे खरे असते. वॉशिंग्टनमध्ये अध्यक्ष आणि काँग्रेस, म्हणजे तेथील संसद, वेगवेगळ्या पक्षांचे असतात तेव्हा नेमकी हीच स्थिती असते. आपल्याकडे लोकसभेने सरकारच्या खर्चाची मागणी फेटाळली तर सरकार जाते. येथे काँग्रेसने पैसा मंजूर केला नाही तर सरकार जागेवर राहते आणि कचेऱ्या बंद पडतात. 22 डिसेंबर 2018 पासून 35 दिवस आणि 1 ऑक्टोबर 2025 पासून 43 दिवस असे घडले, आणि लाखो कर्मचाऱ्यांचे पगार थांबले.

अध्यक्षाला मुदतीआधी हटवणे जवळजवळ अशक्य आहे. महाभियोगाचा आरोप प्रतिनिधीगृह साध्या बहुमताने ठेवते, पण दोषी ठरवण्यासाठी सिनेटची दोन तृतीयांश मते लागतात. 1868 मध्ये अँड्र्यू जॉन्सन एका मताने वाचले, 1999 मध्ये बिल क्लिंटन वाचले, ट्रम्प दोनदा वाचले, आणि दुसऱ्या वेळी तर सिनेटच्या 100 पैकी 57 सदस्य त्यांच्या विरोधात असूनही वाचले. निक्सन यांनी 1974 मध्ये राजीनामा दिला. सिनेटने दोषी ठरवून घालवलेला अध्यक्ष आजवर एकही नाही.

याच्या शेजारी 17 एप्रिल 1999 चा दिवस ठेवून पाहा. लोकसभेत 269 विरुद्ध 270 अशा मतांनी वाजपेयी सरकार पडले. त्याचा परिणाम म्हणून मी तीन वर्षांच्या अवधीत तिसऱ्यांदा मतपेटीपाशी बसलो. विधानसभेची निवडणूकही बरोबरच असल्यामुळे मतदाराच्या हाती एक पांढरी आणि एक गुलाबी मतपत्रिका देत होतो. एका वृद्ध बाईंनी दोन्ही कागद हातात घेऊन विचारले, “गुरुजी, परत आलात? मागच्या वेळचं मत वाया गेलं का?” मी त्यांना नाही म्हणालो, आणि आजही माझे उत्तर तेच आहे. त्यांचे मत वाया गेले नव्हते. त्या मताने बसवलेल्या सभागृहाने सरकारला जाब विचारला होता, सरकारला तो देता आला नाही, आणि प्रश्न पुन्हा त्यांच्याकडे आला होता.

डॉ. आंबेडकरांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत मसुदा मांडताना हाच मुद्दा सांगितला होता. कार्यकारी सत्ता स्थिर असावी आणि उत्तरदायीही असावी, पण दोन्ही गोष्टी सारख्याच प्रमाणात देणारी पद्धत अद्याप सापडलेली नाही. अमेरिकी पद्धत स्थैर्य अधिक देते, संसदीय पद्धत उत्तरदायित्व अधिक देते, आणि मसुद्याने जाणूनबुजून उत्तरदायित्वाला पहिले स्थान दिले आहे, असा त्यांच्या विवेचनाचा आशय होता. संसदीय पद्धतीत सरकारचा हिशेब रोज होतो, प्रश्नांतून, ठरावांतून, चर्चेतून होतो. अध्यक्षीय पद्धतीत तो चार वर्षांनी एकदा होतो.

संसदीय पद्धत मतांचे माप नेहमी अचूक देते, असा माझा दावा नाही. 2014 मध्ये भारतीय जनता पक्षाला सुमारे 31 टक्के मतांवर 282 जागा मिळाल्या, हे कोणत्याही इलेक्टोरल कॉलेजाशिवाय, म्हणजे निर्वाचकांच्या मंडळाशिवाय, घडले. आणि 2019 ते 2022 या काळात महाराष्ट्राने जे पाहिले, म्हणजे पहाटेचा शपथविधी, नंतरची आघाडी आणि पुढे पक्षच फुटून बदललेले सरकार, त्यावरचा मतदारांचा राग मला पूर्णपणे रास्त वाटतो. परंतु तो रोग पक्षांतराचा आहे. त्यावर अध्यक्षीय पद्धत आणली तर आमदार फोडण्याचे कारण कदाचित कमी होईल, पण एकदा निवडलेल्या माणसाला पाच वर्षे कोणी हात लावू शकणार नाही. अमेरिकेत त्याला आवर घालण्यासाठी स्वतंत्र कायदे करणारी राज्ये, पक्षादेश झुगारणारे सिनेटर आणि माझ्या टेबलावरच्या दोन निरीक्षकांसारखी हजारो स्थानिक पदे आहेत. आपल्याकडे पक्षादेश मोडला की सदस्यत्व जाते, राज्यपाल केंद्राकडून नेमला जातो, आणि अशा जमिनीत ते रोप लावले तर त्याला कुंपण कोणते घालणार, याचे उत्तर मागणी करणाऱ्यांकडून मला अजून मिळालेले नाही.

स्थैर्याचीच काळजी असेल तर जवळचे उदाहरण जर्मनीचे आहे. तेथे 1949 च्या राज्यघटनेनुसार चान्सेलरला हटवायचे असेल तर त्याच ठरावात नव्या चान्सेलरचे नाव देऊन त्याला बहुमत मिळवावे लागते. 1982 मध्ये हेल्मुट श्मिट यांच्या जागी हेल्मुट कोल असेच आले. नुसते पाडण्यासाठी एकत्र येणे तेथे पुरत नाही. आणि पक्षांतराच्या तक्रारींचा निर्णय सभापतींऐवजी स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे द्यावा, हा विचार संसदेने करावा असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2020 मध्येच सुचवले आहे. यासाठी राज्यघटनेच्या दहाव्या, म्हणजे पक्षांतरबंदीच्या, परिशिष्टात दुरुस्ती करावी लागेल. राज्यपद्धती बदलण्याची गरज नाही.